चरातला पाइप, चार इंची नळी आणि घर्षणाची दिशा : प्रकल्प नोंदी

४ जानेवारी २०२५, शनिवार

ऑफिसात एक साधा प्रश्न आला आणि मी त्यात अडकलोय, म्हणून ही वही. ४५० मिमीचा एनपी३ वर्गाचा ह्यूम पाइप, म्हणजे सिमेंट काँक्रीटचा, बाहेरून साधारण ६०० भरतो. एक मीटर रुंदीच्या चरात टाकायचा, माथ्यावर चार मीटर मुरमाचा भराव, आजूबाजूला काळी माती. पाइपच्या माथ्याला वजन किती येतं? हाताने काढलं तर पाच मिनिटांचं काम आहे, पुरलेल्या पाइपवरचा भार काढायचं मार्स्टनचं सूत्र, आयएस ७८३ (काँक्रीट पाइप टाकण्याचं भारतीय मानक) वाचलेल्या माणसाला ते ओळखीचं असतं. भरावाचं वजन घनमीटरला १८ किलोन्यूटन धरलं की एक मीटर लांबीत चरातला सगळा मुरूम ७२ किलोन्यूटनचा होतो, त्यातला काही भाग चराच्या भिंती घर्षणाने धरून ठेवतात आणि खाली ४० च्या आसपास पोचतं.

तोच चर मी सॉफ्टवेअरमध्ये काढला, भराव आणि काळी माती यांच्यामध्ये इंटरफेस (दोघं एकमेकांवर घसरू शकतील असा सांधा) टाकला, रन मारला आणि उत्तर आलं ७९.

५८ आलं असतं तर समजून घेतलं असतं, घर्षण कमी लागलं म्हणून गप्प बसलो असतो, पण वर टाकलेलं सामानच ७२ चं आहे हो, मग ७ किलोन्यूटन आले कुठून? तीनदा युनिटं तपासली. शेजारच्या टेबलावरचे सिनियर म्हणाले "अरे हाताचं चाळीस आहे ना, तेच लिही आणि पुढं चल". लिहिलं. पण डोक्यातून जाईना. म्हणून ठरवलंय की स्वतःचा छोटा कोड लिहायचा, फक्त माती आणि घर्षणाचा कॉन्टॅक्ट, आणि आधी एखाद्या अशा गोष्टीवर तपासायचा जी मला घरी हाताने मोजता येईल.

५ जानेवारी, रविवार

तपासायला यान्सेनसारखं दुसरं काही नाही. १८९५ मधला जर्मन इंजिनिअर, ब्रेमेनचा, धान्याच्या कोठारांवर काम केलेला. त्याचं म्हणणं इतकंच की उंच कोठारात धान्य भरत गेलं तरी तळावरचा दाब एका मर्यादेनंतर वाढतच नाही, कारण वरचं वजन भिंती घेतात. पाण्याचं असं होत नाही, धान्याचं होतं. मार्स्टनने हाच विचार उचलून चराला लावला, अमेरिकेत आयोवामध्ये, शेतातल्या निचऱ्याचे पाइप जमिनीत फुटत होते म्हणून. त्यांचा नि अँडरसनचा रिपोर्ट १९१३ चा. गोल कोठाराच्या जागी लांब चर आला एवढाच गणितातला फरक.

म्हणजे माझ्या चराची चाचणी मी एका नळीत घेऊ शकतो. आईला सांगितलं तर म्हणाली आमच्या आजोळी कणगीतून ज्वारी काढताना बुडाच्या भोकातून ती शेवटपर्यंत एकाच वेगाने यायची, कणगी भरलेली असो की अर्धी. यान्सेन असा घरातच निघाला.

११ जानेवारी, शनिवार

सामान : चार इंची पीव्हीसी नळीचा ७० सेंमीचा तुकडा (आतून १०.४ सेंमी भरला), चाळून वाळवलेली नदीची वाळू, आणि आईचा स्वयंपाकघरातला दहा किलोचा डिजिटल काटा. काटा संक्रांतीच्या तिळगुळाच्या आधी परत द्यायच्या बोलीवर मिळालाय.

पहिला प्रयत्न इतका मूर्खपणाचा होता की लिहायला लाज वाटते. नळी काट्यावर उभी केली, वाळू ओतली. एक किलो ओतली तर काट्यावर एक, दोन ओतली तर दोन. अर्धा तास यान्सेनला शिव्या घातल्या. मग लक्षात आलं की भिंतीने घेतलेलं वजन जातंय कुठे, तर नळीतून खाली त्याच काट्यावर! नळी काट्याला टेकताच कामा नये.

१२ जानेवारी, रविवार

नळी बाल्कनीच्या ग्रिलला दोन क्लॅम्पने बांधली, काट्यापासून बोटभर वर. खाली प्लायची गोल चकती, नळीत सैल बसेल अशी, लाकडी ठोकळ्यावर, ठोकळा काट्यावर. चकतीच्या कडेने वाळू गळत होती, तिथे स्पंजची पट्टी चिकटवली. चकती-ठोकळ्याचं वजन शून्य करून घेतलं आणि अर्ध्या किलोच्या मापाने ओतायला लागलो.

ओतली १ किलो, काट्यावर ०.८१. दोन किलोला १.३६. तीनला १.७०, चारला १.९५. सहाला २.२. साडेसात किलो, म्हणजे नळीत जवळपास ५९ सेंमी, तेव्हा काट्यावर २.३ आणि तिथेच थांबला. वरून अजून एक मूठ टाकली तरी आकडा हलेना! सूत्र मला पंधरा वर्षं पाठ आहे पण डोळ्यांसमोर काटा गप्प बसलेला बघणं वेगळंच.

आता के आणि म्यू. के म्हणजे उभ्या दाबाचा जेवढा हिस्सा आडवा होऊन भिंतीवर येतो तो. म्यू म्हणजे वाळू आणि पीव्हीसी यांच्यातलं घर्षण. उरलेला नळीचा तुकडा उभा कापला, गॅसवर गरम करून सपाट केला (घरभर वास, आईचं वेगळं ऐकून घेतलं), त्यावर मिठाईच्या पुठ्ठ्याच्या खोक्याची बिनतळाची चौकट ठेवली, चौकट पट्टीला घासू नये म्हणून खाली व्हिजिटिंग कार्डं सरकवून भरल्यावर अलगद काढून घेतली, आणि पट्टी एका बाजूने उचलत गेलो. २० अंशाच्या आसपास वाळू घसरते. टॅन २० म्हणजे ०.३६. वाळूचा ढीग साधारण ३३ अंशांचा पडतो.

मोजलेले आकडे यान्सेनमध्ये बसवले तर के येतो ०.३८. रँकिनचा सक्रिय दाब (माती मोडून सरकते तेव्हाचा) धरला तर ०.२९, जाकीचा स्थिर दाब (माती हललेलीच नसते तेव्हाचा) धरला तर ०.४६. माझा मधेच कुठेतरी. हे खरं तर बरोबरच आहे, भिंतीजवळची वाळू ना पूर्ण मोडलेली असते ना पूर्ण स्वस्थ, आणि म्हणूनच के हातात देणारा कोड मला नकोय, के आतून आपोआप निघायला हवा.

१४ जानेवारी, संक्रांत

काटा परत केला. दुपारी पुन्हा मागून घेतला.

१९ जानेवारी, रविवार

आज एक अपघात झाला आणि तो लिहून ठेवतो, कारण तो आत्ता समजलेला नाही. चार किलो वाळू भरलेली होती, काट्यावर १.९५ स्थिर. वरचा क्लॅम्प घट्ट करायला गेलो तर खालचा सुटला आणि नळी जेमतेम दोनेक मिलिमीटर खाली सरकली. काट्याला टेकली नाही, हे मी कागद सरकवून बघितलं. पण काटा १.९५ वरून ६ च्या पुढे गेला! चार किलो वाळूचं वजन सहा किलो?

आधी वाटलं काटा बिघडला, आता आईला नवीन घेऊन द्यावा लागणार. नळी हलकेच वर उचलली तर आकडा पटकन दीडच्या खाली आला. पुन्हा खाली दाबली, पुन्हा सहाच्या वर. काटा ठणठणीत आहे.

२६ जानेवारी, रविवार

सोसायटीचं झेंडावंदन आटोपून बसलो. कोड पायथनमध्ये, चार नोडचे एलिमेंट (वाळूचे चौकोनी तुकडे, कोपरा म्हणजे नोड), नळीसाठी अक्षसममित (मधल्या अक्षाभोवती सगळीकडे सारखं), मातीला मोर-कूलॉम हा मोडण्याचा नियम. कॉन्टॅक्टसाठी पेनल्टी पद्धत घेतली, म्हणजे वाळूचा नोड भिंतीत घुसायला लागला की एक कडक स्प्रिंग त्याला मागे ढकलते, आणि भिंतीलगत सरकायला लागला की दुसरी स्प्रिंग त्याला धरते, जोवर स्प्रिंगचं बळ म्यू गुणिले दाब या हद्दीत आहे तोवर. हद्द ओलांडली की नोड सुटला, तिथून पुढे बळ हद्दीएवढंच. एवढं सोपं वाटतं कागदावर.

गंमत म्हणजे मातीचा मोडण्याचा नियम आणि भिंतीवरचा घसरण्याचा नियम, दोन्ही एकाच माणसाच्या नावाने चालतात. कूलॉम लष्करी इंजिनिअर, मार्टिनिक बेटावर किल्ला बांधायला बरीच वर्षं घालवली, परत येऊन १७७३ मध्ये मातीच्या दाबावरचा निबंध मांडला, तो छापून आला १७७६ ला. घर्षणावरचं मोठं काम १७८१ चं. माझ्या कोडमध्येसुद्धा दोन्हीचं फंक्शन जवळपास तेच आहे, ट्रायल ताण काढा, हद्दीबाहेर गेला तर परत हद्दीवर आणा. कॉपी-पेस्ट करून नावं बदलली, खोटं कशाला बोलू.

चालवला. न्यूटन-राफसन (फेऱ्या मारत उत्तराजवळ जायची पद्धत) तीन पायऱ्या नीट उतरला आणि मग ठोकळ्यासारखा अडला. तळापासून सातवा नोड एका फेरीत घट्ट, पुढच्या फेरीत सुटलेला, पुन्हा घट्ट. रात्री एकपर्यंत हाच खेळ.

२७ जानेवारी, सोमवार

सापडलं, ऑफिसला जाताना बसमध्ये. घसरणाऱ्या नोडचं घर्षण दाबावर अवलंबून असतं, पण दाब काही घसरण्यावर अवलंबून नसतो. म्हणजे समीकरणांचा मॅट्रिक्स सममित (कर्णाच्या वर-खाली सारखा) राहतच नाही, आणि मी जुन्या प्रोजेक्टमधला सॉल्व्हर उचललेला जो वरचा त्रिकोणच साठवतो आणि खालचा तसाच धरून चालतो! अर्धी माहिती मीच फेकून देत होतो. पूर्ण मॅट्रिक्स दिला, सातवा नोड चार फेऱ्यांत शहाणा झाला.

२ फेब्रुवारी, रविवार

आज दिवसभर एकच आकडा बदलत बसलो, भिंतीलगतच्या स्प्रिंगचा कडकपणा. हा आकडा निसर्गात कुठेच नाही, तो मी ठरवायचा, आणि त्यावर उत्तर हलतं, हेच मला या पद्धतीत सगळ्यात खटकतं.

साडेसात किलो वाळू, काट्यावर खरं २.३. कडकपणा मीटरला दहाचा चौथा घात किलोपास्कल घेतला तर कोड म्हणतो ३.५. पाचव्या घाताला २.६. सहाव्याला २.३६. सातव्याला २.३५, पण फेऱ्या चौपट आणि मधे मधे पायरी अर्धी करावी लागते.

कारण हाताने तपासलं. नळीतली वाळू स्वतःच्या वजनाने दबते ती किती, तर मिलिमीटरचा विसावा भाग वगैरे. आणि स्प्रिंग मऊ असेल तर पूर्ण घर्षण लागायलाच तेवढंच सरकावं लागतं. वाळू सरकून संपली तरी घर्षण अर्धवटच जागं झालेलं. म्हणजे मऊ पेनल्टी ही नुसती अचूकतेची गोष्ट नाही, ती गुपचूप म्यू कमी करते आणि रिपोर्टमध्ये मात्र म्यू ०.३६ असंच छापून येतं.

अजून एक. तळ पूर्ण ताठ धरला तर तळाजवळचे नोड सरकतच नाहीत. काट्याचा लोडसेल (आतला वजन मोजणारा भाग) स्वतः थोडा वाकतो, ती स्प्रिंग खाली टाकली तेव्हा कुठे भरतानाचे मधले आकडे जुळले.

८ फेब्रुवारी, शनिवार

मग काय, कोडमध्ये नळी दोन मिलिमीटर खाली ढकलली. चार किलो वाळू, तळावर ६.४. वर उचलली, १.४. बाल्कनीत जे झालं तेच.

आता लख्ख कळलं. घर्षण हे वजन कमी करणारं असतं असं मी इतकी वर्षं गृहीत धरून चाललो होतो. ते तसं नसतंच. वाळू भिंतीपेक्षा जास्त खाली गेली की भिंत तिला वर धरते, भिंत वाळूपेक्षा जास्त खाली गेली की तीच भिंत वाळूला खाली ओढते आणि तळावर वाळूच्या वजनापेक्षा जास्त येतं. कोण जास्त बसतं, एवढाच प्रश्न. शेजारची भुसभुशीत माती बसायला लागली की पाइलला, म्हणजे पायाच्या खोल खांबाला, खाली ओढते ते डाउनड्रॅग हेच. भरावाखाली जमिनीवर ठेवलेल्या पाइपला मार्स्टनच्या गणितात चरापेक्षा जास्त भार धरतात तोही याचसाठी, पाइपशेजारची माती पाइपवरच्या मातीपेक्षा जास्त बसते. कॉलेजात दोन्ही शिकलो होतो, वेगवेगळ्या सेमिस्टरला, म्हणून बहुतेक कधी एकत्र आले नाहीत.

आणि मग ते ७९. लॅपटॉप उघडून ऑफिसच्या मॉडेलमध्ये चराच्या भिंतीवरच्या शिअरचे, म्हणजे भिंतीलगत घासणाऱ्या बळाचे, बाण काढले. सगळे बाण खाली! काळी माती मुरमाला खाली ओढतेय.

कारण माझंच. मी गुरुत्वाकर्षण एका झटक्यात सगळ्या मॉडेलला लावलं होतं. कॉम्प्युटरच्या दृष्टीने काळी माती आणि मुरूम दोघं एकाच क्षणी जन्माला आले आणि एकदम बसायला लागले, काळी माती मऊ म्हणून जास्त बसली आणि मुरमाला बरोबर घेऊन गेली. प्रत्यक्षात ती काळी माती माझ्या पणजोबांच्या आधीच बसून मोकळी झालीय. चर खणला काल, मुरूम पडला आज, बसायचं राहिलंय ते फक्त मुरमाचं.

९ फेब्रुवारी, रविवार

पुन्हा नीट केलं. आधी फक्त काळी माती, ताण भरून घेतले, विस्थापनं शून्यावर आणली, चर खणला, मग मुरूम. ७९ चे ४६ झाले. मुरूम एकदम न टाकता अर्ध्या मीटरच्या थरांनी टाकला, ४३. हाताचं ४०. एवढा फरक मला चालतो.

सिनियरना दाखवलं नाही अजून, "म्हटलं होतं ना चाळीस" एवढंच ऐकायला मिळेल.

१६ फेब्रुवारी, रविवार

काल साइटवर जाऊन आलो, सोलापूरकडे. ड्रॉइंगमध्ये एक मीटरचा चर. प्रत्यक्षात पोकलेनने खणलाय तो तळाला एक मीटर दहा आणि पाइपच्या माथ्याच्या लेव्हलला चांगला एक मीटर चाळीस, बाजू ढासळल्यात. तिथले मामा म्हणाले "साहेब, जागा जास्त झाली तर चांगलंच ना, माणूस उतरून कुटाई तरी करील". कुटाईचं बरोबर आहे त्यांचं. पण वजनाचं उलटं आहे. १.४ मीटर रुंदीला मार्स्टन ६५ देतो, ४० च्या जागी. चाळीस सेंमी जास्त खणले आणि पाइपवरचा भार दीडपटीच्या वर गेला, कारण मुरूम वाढला रुंदीप्रमाणे पण धरणाऱ्या भिंती दोनच राहिल्या. हे अमर्याद वाढत नाही, एका रुंदीनंतर चर आहे की मोकळा भराव याने पाइपला फरक पडत नाही, पण १.४ ला आपण त्या हद्दीच्या अलीकडेच आहोत.

घर्षणावर महिना घालवला आणि सगळ्यात मोठा फरक टेप लावून मोजण्यात निघाला. मामांना सांगितलं, माथ्यापर्यंत तरी बाजू उभ्या ठेवा, पुढे वर पसरला तर पसरू दे. बघू.

१ मार्च, शनिवार

साइटवर अजून एक बघितलं होतं ते राहून गेलं. जुन्या लाइनवर, गेल्या वर्षी भरलेल्या चराच्या दोन्ही कडांना लांबच लांब भेगा. काळी माती वाळली की आक्रसते, मुरूम आक्रसत नाही, मधे फट. अजून तर उन्हाळा लागायचाय, मे महिन्यात तिथे अख्खी फूटपट्टी आत जाईल. म्हणजे कॉन्टॅक्ट उघडला, दाब शून्य, घर्षण शून्य. मला वाटलं आता मोठं काहीतरी सापडलं.

कोडमध्ये वरच्या एक मीटरचा कॉन्टॅक्ट काढून टाकला, हातानेही केलं. हाताने ४० चे ४१ झाले. बस. दोन मीटर भेग धरली तेव्हा ४५. आधी पटेना, पण घातांकी सूत्राचा स्वभावच तो आहे, वरून आलेला जास्तीचा भार खाली जाता जाता भिंतींना वाटला जातो, पाइपला कळतं ते त्याच्या डोक्यावरच्या शेवटच्या मीटर-दोन मीटरचं.

मग भेगेचा त्रास कुठून? पाण्यातून. जूनचा पहिला मोठा पाऊस सरळ त्या फटीतून खाली उतरतो आणि नेमकी तीच माती भिजते जी भार धरून होती. मार्स्टनच्या तक्त्यात के-म्यू वाळू-खडीला ०.१६५ आणि भिजलेल्या चिकणमातीला ०.११० आहे, तो आकडा टाकला की ४० चे ४८ होतात. पावसाळ्यात काळी माती फुगते तेव्हा बाजूचा दाब वाढून घर्षण थोडं परतही येत असेल, पण फुगणं माझ्या कोडमध्ये नाही आणि मी ते आत्ता घालणार नाही, नाहीतर ही वही दिवाळीपर्यंत चालेल. डिझाइनला ०.११० धरायचं आणि रुंदी १.४. हाताने ७५ येतं. पाइपचा क्लास आणि खालचं बेडिंग (पाइप ज्यावर बसतो तो थर) यावर बघायचं.

९ मार्च, रविवार

सिनियरना सगळं दाखवलं. बाणांचं चित्र दोन मिनिटं बघत बसले, मग विचारलं "गेल्या वर्षीच्या त्या कल्व्हर्टच्या मॉडेलमध्ये पण तू ग्रॅव्हिटी एकदमच लावली होतीस का?"

लावली होती. फाइल उद्या उघडतो.

काटा परत केलाय. कुरडयांचे गहू मोजताना आईला खाचेत वाळू सापडली, तिने टूथब्रशने साफ केली. नळी अजून ग्रिलला आहे.